मशीनची दातखिळी

धनजहून कामरगावकडे निघालं की वाटेत डाव्या हाताला जानराव पाटलांचं बीड लागायचं. बीड म्हणजे राखीव गवताचं रान. मृग लागला की त्याला काट्यांचं कुंपण घालून गुरांना मज्जाव करायचा आणि दसऱ्यानंतर गवत कमरेला लागलं की कापायला घ्यायचं. या बीडाचा राखणदार होता धनसिंग, वरच्या टेकाडावरच्या बंजाऱ्यांच्या तांड्यातला.

धनसिंगचा आजा बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूखभर फिरला. बापाने या टेकाडावर बूड टेकलं ते टेकलंच. धनसिंगच्या वाट्याला ना फिरणं आलं, ना धड शेती; आलं ते गवत. पण गवत असं ओळखायचा की विचारू नका. दुभत्या गाईला कोणतं घालावं, बैलाला कोणतं, कुसळी गवत कधी इतकं पिकतं की त्याची कुसळं गुरांच्या हिरड्यांत रुततात, हे त्याला नुसतं चुरगाळून कळायचं. माणूस सरळ, अंगाने काटक, बिडीपलीकडे व्यसन नाही. खोड एकच. शब्द देताना त्याची जीभ कधी अडखळली नाही. समोरच्याने विचारायच्या आत हा हो म्हणून मोकळा.

तांड्याचा आणि पाटलाचा जुना तोंडी करार होता. तांड्याने विळ्याने बीड कापायचं, पेंढ्या बांधायच्या. निम्मं गवत पाटलाचं, निम्मं तांड्याचं. त्या निम्म्यावर तांड्याची गुरं चैत्र-वैशाख काढायची. ते नसेल तर उन्हाळ्यात त्या टेकाडावर गुरांपुढे टाकायला दगडांशिवाय काही नव्हतं. कापणी आटपायची कार्तिकी पुनवेपर्यंत. पुनवेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कुंपणाचा झाप, म्हणजे काट्यांचं फाटक, काढायचा आणि उरलेलं बीड गावच्या गुरांना मोकळं करायचं, ही रीत जानरावांच्या आज्याने घातलेली. गाव वर्षभर त्या सकाळकडे डोळे लावून बसायचं.

पंचावन्न साली जानरावांनी कुठल्याशा लिलावातून गवत कापायची मशीन आणली. पूर्वी ती म्हणे पलटणीच्या घोड्यांसाठी गवत कापायची. दोन लोखंडी चाकं, पुढे बैल जुंपायची दांडी, उजव्या अंगाला जमिनीसरशी निघालेलं दातेरी लांब पातं आणि वर माणसाला बसायला भोकाभोकांची लोखंडी बैठक. बैल चालले की चाकं फिरायची, चाकांच्या पोटातले खटके आतल्या दातऱ्यांना पकडायचे आणि पातं सरसर मागेपुढे धावायचं. गवत आडवं. धनसिंग त्या बैठकीवर बसला तेव्हा सगळा तांडा हसून लोळला. गवत वाकून कापतात हे सगळ्यांना ठाऊक. बसून गवत कापणारा माणूस त्यांनी जन्मात पाहिला नव्हता.

मशीनबरोबर एक मिस्त्री आला होता, उत्तरेकडचा. मोठ्या ऐटीत त्याने दिवसभर मशीन फिरवून दाखवली, पाटलाची कोंबडी खाल्ली आणि जाताना धनसिंगला दोन गोष्टी बजावल्या. “चक्के का ढक्कन मत खोलना. और तेल देते रहना, सूखा मत चलाना.” काळ्या तेलाचा एक डबा ठेवला आणि गेला तो गेलाच. कसलं तेल, ते संपल्यावर कुठून आणायचं, यातलं अक्षर त्या शहाण्याने काढलं नाही.

पहिल्या वर्षी मशीनने कमाल केली. बीड लवकर उरकलं, पाटलाने कराराप्रमाणे निम्मं गवत दिलं, धनसिंगची मान ताठ झाली. मोसमाच्या शेवटी डबा खडखडला. आता पावसाळाभर लोखंड उभं राहणार, गंजणार. मिस्त्री तर तेल द्यायला सांगून गेलेला. तांड्यात तेल म्हटलं की जवसाचं. रोजच्या चिमणीत जाळायचं त्याला घासलेट म्हणायचे, तेल नव्हे. तिसरं तेल कोणी जाणत नव्हतं. गाडीच्या आखाला तेच, भाजीलाही तेच. धनसिंगने बायकोला हाक मारली. हिरीबाईने घाण्यावरून आणलेलं गाडगं उचलून दिलं आणि धनसिंगने मशीनच्या प्रत्येक भोकात, चाकाच्या पोटात, दातऱ्यांवर ते हात सैल सोडून ओतलं. लेकराला माखावं तसं माखलं.

छप्पन सालच्या दसऱ्याला तांड्याची बैठक बसली. आकोटकडे कापसाची वेचणी जोरात होती, तिकडून बोलावणं आलं होतं. नाईक दौलतसिंग म्हणजे तांड्याचा प्रमुख, सावध माणूस. तांड्यात बोलणं गोरमाटीत होतं, ते इथं वऱ्हाडीत सांगतो.

“समदे गेले तं बीड कोन कापन?” नाईकाने विचारलं.

“मशीन हाये ना,” धनसिंग म्हणाला.

“मशीन बिगडली तं?”

“मी हावो ना, नाईक. तुमी बिनघोर जा. वापस येसान तवा तुमच्या वाट्याच्या गंज्या लागलेल्या असतीन.”

नाईकाने पुन्हा विचारलं. धनसिंगने पुन्हा तेच सांगितलं, वर छातीवर हात ठेवून. धडधाकट माणसं आणि बाया विळे घरी ठेवून वेचणीला गेली. मागे राहिली ती म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या बाया आणि गुरं.

दुसऱ्या दिवशी धनसिंगने बैल जुंपले. मशीन चार पावलं चालली आणि पातं थांबलं. चाकं फिरत होती, बैल चालत होते, धनसिंग बैठकीवर बसलेला होता. फक्त गवत कापलं जात नव्हतं. पात्याखाली ते नुसतं लोळायचं आणि मशीन पुढे गेली की पुन्हा उठून उभं राहायचं.

त्याने उतरून पातं चाचपलं. धार गेली असेल. पातं काढून खांद्यावर घातलं आणि कामरगावच्या पुंजाजी लोहाराकडे गेला. पुंजाजीने एकेक दात घासून असा लखलखीत केला की दाढी व्हावी. परत येऊन धनसिंगने पातं बसवलं, चाकात गाडगंभर तेल ओतलं आणि बैल हाकले. पातं धावलं! एक तास, म्हणजे बीडाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंतचा एक पट्टा, निघाला, दुसरा निघाला. धनसिंगला आनंदाने गहिवरून आलं. उन्हं चढली आणि पातं पुन्हा गप्प.

मग संशय बैलांवर गेला. बैल मंद चालतात म्हणून पात्याला जोर येत नाही. पाटलाचे खिल्लारी बैल मागून आणले. ते उधळले, मशीन गचके खात गेली आणि पात्याला ढकलणारा लाकडी दांडा कडाडकन मोडला. धनसिंगने धावड्याचं लाकूड तासून नवा दांडा बसवला. पुन्हा तेल ओतलं. पुन्हा थोडी चालली, पुन्हा अडली. हे असं रोजचं झालं. सकाळी तेल दिलं की चार तास निघायचे, माणसाला आशा लावायची आणि दुपारपर्यंत दातखिळी. मशीनने एकदाच नाही म्हटलं असतं तर धनसिंगने हाय खाऊन का होईना विळा उचलला असता, वेचणीवाल्यांना निरोप धाडला असता. पण ती रोज थोडीशी चालायची, आणि त्या थोडीशीने त्याचा घात केला.

सल्ल्यांना तोटा नव्हता. कोणी म्हणालं नजर लागली, लिंबू बांध. कोणी म्हणालं चाकं उलटी बसवलीत. धनजच्या एका मास्तराने बैठकीवर बसून पाहिलं आणि बैठक फार थंड आहे एवढं सांगून तो गेला. कारंज्याला जिनिंगमधल्या मिस्त्र्याकडे निरोप धाडला, तर तिथं कापसाचा हंगाम. गवतासाठी कोण येतो?

तेलाचा खप मात्र वाढतच गेला. हिरीबाईने घरातलं फोडणीचं तेल बंद केलं. भाकरीवर मीठ-मिरची कोरडीच यायला लागली. एक दिवस धनसिंगने घास मोडून विचारलं, “तेल नाई?”

“हाये ना. मशीनसाठी ठिवलं.” ती म्हणाली. “आपुन कोरडं खाऊ. तिले कोरडं नोका चालवू.”

गाडगं घेऊन तो बीडाकडे गेला.

दिवाळी आली. त्याच दिवाळीत आपला मुलूख मध्य प्रदेशातून उठून मुंबई राज्यात जाऊन बसला, गावात कोणी कोणी पेढे वाटले म्हणतात. धनसिंगला त्याचा पत्ता नव्हता. अवसेला तांड्यातल्या पोरी हातात दिवे घेऊन घरोघर मेरा म्हणायला निघाल्या. मेरा म्हणजे घरच्या माणसांना आणि गोठ्यातल्या गुरांना भरभराटीचा आशीर्वाद. धनसिंगच्या दारात येऊन त्या त्याच्या गाईला आशीर्वाद देत होत्या आणि तो आत अंधारात भिंतीकडे तोंड करून बसला होता. कुठली भरभराट! बीडाच्या कडेला हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या पेंढ्या पडल्या होत्या. त्याला लाजेने मेल्यासारखं झालं.

दिवाळीनंतर उरलेल्या बाया विळे घेऊन उतरल्या. हिरीबाई पुढे, मागे म्हातारी भुरीबाई. भुरीबाईला ना मूल ना बाळ, एक गाय तेवढी तिची. कमरेत वाकलेली ती म्हातारी बसून बसून गवत कापायची आणि दर मुठीला दम खायची. धनसिंगही विळा घेऊन त्यांच्यात शिरला, पण डोळे सारखे मशीनकडे. एवढं मोठं बीड या मूठभर हातांना काय पुरं पडणार? तास-दोन तास झाले की तो विळा टाकून मशीनकडे पळायचा, लाथ मारायचा, मग तिच्याच चाकाला हात लावून पाया पडायचा. गवत पिवळं पडत चाललं होतं. पुनव तोंडावर आली होती. रात्री त्याला झोप लागेना, अन्न गोड लागेना, आणि कोणी नाईकाचं नाव काढलं की तो तिथून उठून जायचा.

पुनवेच्या आदल्या दिवशी दुपारी तो घरी आला तो नुसता येऊन ओट्यावर पडला. हिरीबाई दारात बसून दिवे घासत होती, दुसऱ्या दिवशी लावायचे म्हणून. दिवाळीत जवसाच्या तेलाने माखलेले ते दिवे तसेच पडून राहिले होते. ती राखेने घाशी, नखाने खरवडी. काठावरचा पिवळा चिकट थर काही सुटेना.

“कायले एवढं घासून राह्यली?” तो उगाच बोलायचं म्हणून बोलला.

“अवो, हे जवसाचं तेल लय वंगाळ. वाळलं की चामडं होते त्याचं. घासलेट लावल्याबिगर निंगतच नाई.”

धनसिंग उठून बसला. दिवा तिच्या हातातून घेतला, काठावरून बोट फिरवलं. ते बोट चिकटलं. तो तसाच उठून बीडाकडे धावत सुटला.

मिस्त्र्याने चाकाचं झाकण उघडू नको म्हणून बजावलं होतं. धनसिंगने पहारीने ते उपटून काढलं. आत खटके होते, दातऱ्या होत्या आणि त्यांच्यावर, मधे, खाली, सगळीकडे दिव्याच्या काठासारखा पिवळा, डिंकासारखा थर. खटके त्यात रुतून मुकाट बसले होते. सुतार दाराच्या लाकडाला हेच तेल चोळतो, ते वाळून घट्ट बसावं म्हणून. धनसिंगने तेच पावसाळाभर मशीनच्या पोटात वाळू दिलं होतं आणि रोज सकाळी त्यावर नवा थर चढवला होता. ताजं तेल पडलं की जुनं जरा मऊ व्हायचं, खटके हलायचे. उन्हात ते पुन्हा आवळायचं. महिनाभर तो ज्याला औषध समजत होता तोच रोग होता.

हिरीबाई मागोमाग आली होती. तिने आत वाकून पाहिलं. “हे... आपलंच तेल?” एवढंच विचारलं. त्याने मान हलवली. तिने तोंडाला पदर लावला. धनसिंगला वाटलं रडते आहे. ती हसत होती, आणि हसता हसता खरंच रडायला लागली. “आमी कोरडं खाल्लं,” ती म्हणाली, “अन् हिची तं खाऊन दातखिळी बसली.”

मग ती तांड्यात गेली आणि घराघरातल्या चिमण्यांतलं घासलेट मागून आणलं. भुरीबाईने आपली चिमणी सगळी उपडी केली. त्या संध्याकाळी तांड्यात एकही दिवा लागला नाही. धनसिंगने चिंध्या भिजवून एकेक खटका पुसला, खरवडला, पुन्हा पुसला. चाक हाताने फिरवून पाहिलं तेव्हा खटके खट् खट् वाजले. पहिल्या वर्षीचा तोच आवाज.

“आता काय घालता तिच्यात?” हिरीबाईने विचारलं.

“काईच नाई. उपाशीच बरी थे.”

पुनवेच्या दिवशी फटफटताच त्याने बैल जुंपले. पातं असं धावलं की विचारू नका. गवत सपासप आडवं पडत होतं, बाया मागून गोळा करून करून थकल्या. धनसिंग ना जेवला ना उतरला. पण बीड ते केवढं आणि दिवस तो केवढा? दिवस बुडाला तेव्हा नाल्याकडचा एक पट्टा तेवढा साफ झाला होता. बाकी बीड तसंच उभं होतं, चांदण्यात हलत.

दुसऱ्या सकाळी तो जानरावांच्या आधी झापाशी जाऊन उभा राहिला. पलीकडे सगळं गाव गुरं घेऊन जमलं होतं. गाई हंबरत होत्या, काट्यांतून नाकं खुपसत होत्या.

“पाटील, चार दिस द्या,” धनसिंगने हात जोडले. “मशीन चालू झाली. तुमच्या पायाची आन, समदं कापतो.”

जानराव वाईट माणूस नव्हता. असता तर धनसिंगला सोपं गेलं असतं. निदान शिव्या तरी देता आल्या असत्या. पाटलाने गवताकडे पाहिलं, गावाकडे पाहिलं. “माहं बी अर्धं गवत गेलं ना धनसिंग, मी कुठी बोललो? पन हे लोक पहाटेपासून उभे हायेत. आज्याची रीत मी कशी मोडू? त्यायची गुरं काय गुरं नाईत काय?”

झाप निघाला. धनसिंग पळत जाऊन मशीनवर बसला आणि बैल हाकले. जेवढं मिळेल तेवढं, म्हणून तो कापत सुटला. पण गुरं उधळत आली आणि क्षणात चहूकडे पसरली. एक तांबडी गाय बरोबर त्याच्या पात्यासमोर येऊन उभी राहिली आणि मान खाली घालून चरायला लागली. तो ओरडला, चाबूक वाजवला. ती ढिम्म हलली नाही. पातं सरसर धावत होतं. अजून दोन पावलं, की तिचे पाय गेले असते. धनसिंगने कासरा ओढला, बैठकीशेजारचा लोखंडी दांडा ओढून पातं वर उचललं आणि बैठकीवर तसाच बसून राहिला. चालू झालेल्या मशीनवर बसून तो आपलं गवत दुसऱ्याच्या गुरांच्या तोंडात जाताना पाहत होता.

माघात वेचणीवाले परतले. त्यांनी गंज्या पाहिल्या, म्हणजे जे काही होतं ते पाहिलं. रात्रीची वाट न पाहता नाईकाने दिवसाउजेडीच बैठक बसवली. धनसिंग मधे उभा राहिला. झालं ते सगळं त्याने सांगितलं, तेलासकट. “नाईक, दंड करा. लागन थो करा. तांड्याबाहेर काढा.”

दौलतसिंग म्हणाला, “तुले दंड करून गाईच्या तोंडात काय पडन, धनसिंग?”

होतं तेवढं गवत नांगराच्या बैलांना राखायचं ठरलं. गाई, वासरं, म्हाताऱ्या म्हशी उन्हाळ्याआधी कारंज्याच्या बाजारात न्यायच्या. धनसिंगची गाय त्यात होती, भुरीबाईचीही होती.

निघायच्या दिवशी गुरं तांड्याबाहेर हलेनात. मागून काठ्या बसल्या तरी फिरून फिरून दावणीकडे यायची. बाया रडत होत्या. नाईक धनसिंगजवळ आला आणि हळूच म्हणाला, “तुह्या हाकेवर येतात थे. तूच घाल.”

दरवर्षी कापणी झाली की धनसिंग गंजीजवळ उभा राहून एक लांब हाक घालायचा आणि सगळ्या तांड्याची गुरं पळत गवताकडे यायची. दुसऱ्या कोणाला ती जमत नव्हती. त्याने नाईकाकडे पाहिलं. हिरीबाईने त्याला लोट्यातलं पाणी दिलं. मग त्याने पाठ फिरवून, कारंज्याच्या वाटेकडे तोंड करून हाक घातली.

गुरांनी कान टवकारले. भुरीबाईची गाय सगळ्यांत म्हातारी, पण ती सगळ्यांच्या आधी दुडकत निघाली. तिच्यामागे बाकीची आली. तिने येऊन धनसिंगच्या हाताला ओलं नाक लावलं, तळवा चाटला आणि गवत कुठं आहे म्हणून इकडेतिकडे पाहिलं. धनसिंग चालू लागला. मागे न पाहता, थोड्या थोड्या वेळाने हाक घालत तो चालत राहिला, आणि गुरं बाजारापर्यंत त्याच्यामागे गेली.